भय, धोका आणि सहकुटुंब परदेशप्रवास

समुद्र ओलांडणे हे एके काळी आपल्याकडे पातक मानले जात असे. विलायतेहून परतलेल्या मनुष्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, आणि तेवढ्यावरही ज्ञातीचे समाधान होईलच अशी खात्री नसे. सिंधुबंदीचा तो काळ कधीच मागे पडला. आज मध्यम स्थितीतील मराठी कुटुंबेही सुट्टीसाठी समुद्रापलीकडे जाऊ लागली आहेत. परंतु जुन्या बंदीची जागा एका नव्या प्रश्नाने घेतली आहे. प्रश्न पापपुण्याचा नाही, सुरक्षिततेचा आहे. मुलाबाळांना आणि वृद्ध आईवडिलांना घेऊन परक्या मुलखात जावे की न जावे, हे कसे ठरवावयाचे? या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

मी राहतो ते फरीदाबाद समुद्रापासून पुष्कळ दूर आहे. जहांगीर बादशहाच्या खजिनदाराने, शेख फरीद याने, १६०७ च्या सुमारास वसविलेले हे गाव. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी त्याच्या शेजारी नवे औद्योगिक नगर उभारले गेले, कारखाने आले, केंद्र सरकारच्या कचेऱ्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर नोकरीनिमित्त काही मराठी कुटुंबेही आली. हरियाणातील शाळांना उन्हाळ्याची सुट्टी जून महिन्यात मिळते. त्या दिवसांत येथील उष्णतामान ४५ अंशांच्या घरात जाते, आणि घरोघरी सागरकिनाऱ्याची स्वप्ने पडू लागतात. सरकारी नोकरास मिळणारी प्रवाससवलत देशातल्या देशातच चालते. तिच्या आधाराने अंदमानपर्यंत जाता येते, त्यापुढे नाही. बाली, फुकेत किंवा मॉरिशस म्हटले की खर्च आपल्या पदरचा, आणि काळजीही आपल्याच पदरची!

अशा घरांतील चर्चा ऐकली तर तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. ‘तिथे बाँबस्फोट झाला होता ना?’ असा पहिला प्रश्न. ‘त्सुनामी तिकडेच आली होती,’ हे दुसरे वाक्य. मग विमानाच्या अपघातांची आठवण निघते, आणि अखेरीस कोणीतरी म्हणते, ‘कशाला उगाच जिवाशी खेळ!’ यांतील एकही शंका खुळचट नाही. मात्र त्यांचा क्रम चुकीचा आहे. ज्या गोष्टीचे भय अधिक वाटते तिचा धोकाही अधिकच असतो, असे आपण गृहीत धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही.

भय आणि धोका या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. भय मनात असते, धोका बाहेर असतो. जे अचानक घडते, अनेकांना एकदम ग्रासते आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते, त्याचे भय मोठे. जे रोज घडते, एकट्यादुकट्याला गाठते आणि ज्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते, त्याचे भय लहान. या गफलतीची किंमत किती भारी पडते याचे एक बोलके उदाहरण आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत विमानांचे अपहरण करून भीषण हल्ले झाले. त्यानंतर पुष्कळ अमेरिकन लोकांनी विमान सोडून मोटारीने लांबचे प्रवास करण्यास सुरुवात केली. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने पुढील बारा महिन्यांतील रस्ते-अपघातांचा हिशेब मांडला, तेव्हा त्या भयापोटी सुमारे दीड हजार माणसे रस्त्यांवर अधिक मरण पावली असे त्यास आढळून आले. भयाने त्यांना सुरक्षित स्थळी नेले नाही. एका लहान धोक्यातून उचलून मोठ्या धोक्यात नेऊन सोडले.

म्हणून प्रत्येक शंकेस तीन प्रश्न विचारावेत. हे घडण्याचा संभव किती? घडलेच, तर होणारी हानी भरून येण्यासारखी आहे की नाही? आणि ते टाळणे आपल्या हाती किती आहे? पोट बिघडणे, सामान हरवणे, पावसाने दोन दिवस वाया जाणे या गोष्टी वारंवार घडतात, पण त्या भरून निघतात. दहशतवादी हल्ल्याची हानी कधीच भरून येत नाही, परंतु त्याचा संभव फार थोडा असतो, आणि तो टाळणे प्रवाशाच्या हाती जवळजवळ नसते. या दोहोंच्या मध्ये तिसरा एक वर्ग आहे. ज्याचा संभव अगदीच थोडा नाही, ज्याची हानी भरून येत नाही, आणि तरीही जे टाळणे बहुतांशी आपल्या हाती असते, असे धोके या वर्गात येतात. प्रवासाचा बेत आखताना आपले पहिले लक्ष येथे गेले पाहिजे. रस्ता आणि पाणी हे या वर्गातील दोन प्रमुख धोके होत.

रस्त्याचे प्रथम पाहू. आपल्या देशात २०२२ साली रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा सरकारी अहवालातील आहे. दिल्ली-मथुरा रस्त्याने रोज कचेरीला जाणारा फरीदाबादकर जो धोका न कळत पत्करतो, तो सुट्टीच्या आठ दिवसांच्या परदेशी काळजीपेक्षा लहान नव्हे. परंतु परदेशी गेल्यावर आपली सावधगिरी ढिली पडते. घरी मुलाला शिरस्त्राणावाचून दुचाकीवर न बसविणारा गृहस्थ फुकेतला भाड्याची स्कूटर घेऊन सहकुटुंब डोंगरातील वळणे चढू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांत थायलंडमधील रस्ते-मृत्यूंचे प्रमाण फार मोठे असल्याचे दिसते, आणि मरणाऱ्यांत दुचाकीवरील माणसांचाच भरणा अधिक असतो. श्रीलंका, थायलंड, बाली, मॉरिशस या सर्व ठिकाणी वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, ही सोय खरी. पण त्या ओळखीच्या खुणेने फसू नये. परवान्यावाचून चालविलेल्या दुचाकीच्या अपघातास प्रवासविमा बहुधा लागू होत नाही. विम्याचा कागद घेताना काय मिळते यापेक्षा काय मिळत नाही, ते कलम अगोदर वाचावे. मोटार चालकासह भाड्याने घ्यावी, मागच्या आसनावरही पट्टा बांधावा, आणि रात्रीचा लांबचा प्रवास टाळावा. या तीन साध्या नियमांनी जेवढी सुरक्षितता मिळते, तेवढी देश बदलूनही मिळत नाही.

दुसरा धोका पाण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. फरीदाबादकराला याचा दाखला शोधण्यासाठी समुद्रावर जाण्याची गरज नाही. आमच्या शेजारी अरवलीच्या टेकड्यांत दगडाच्या खाणी होत्या. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील खाणकाम थांबले. मागे उरलेल्या खोल खड्ड्यांत पाणी साचून निळेशार तलाव झाले, आणि त्या पाण्याच्या ओढीने गेलेली तरुण मुले तेथे बुडाल्याच्या वार्ता पुनःपुन्हा येत राहिल्या. महाराष्ट्रातही १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी समुद्राने ओढून नेले. परदेशातील समुद्र आपल्या समुद्राहून निराळा असतो असे नाही. तो अधिक स्वच्छ दिसतो, म्हणून अधिक विश्वासाचा वाटतो, एवढेच.

किनाऱ्यावरील पुष्कळशा मृत्यूंमागे एक विशिष्ट प्रवाह असतो. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. लाटा पाणी सतत किनाऱ्याकडे लोटत असतात. ते पाणी कोठून तरी परत गेलेच पाहिजे. वाळूच्या बांधात जेथे खोलगट वाट सापडते तेथून ते एका अरुंद पट्ट्याने वेगाने समुद्राकडे धावते. या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्या माणसास नेमकी तीच जागा शांत आणि पोहण्यास योग्य वाटते. प्रवाहात सापडलेला मनुष्य किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू लागतो, दमतो आणि बुडतो. त्याने करावयाचे ते नेमके उलट आहे. प्रवाहाशी झुंजू नये, अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद पट्ट्याबाहेर पडावे. लाल निशाण असेल तेथे पाण्यात उतरू नये. आणि लहान मूल पाण्याजवळ असताना कोणा एका मोठ्या माणसाने दुसरे कोणतेही काम, छायाचित्र काढण्याचेसुद्धा, हाती घेऊ नये. ‘सगळेच लक्ष ठेवून होतो’ याचा अर्थ पुष्कळदा ‘कोणीच ठेवून नव्हते’ असा होतो.

यानंतर ऋतूचा विचार. उष्ण कटिबंधातील देश म्हणजे बारमाही ऊन आणि निळे पाणी, हे प्रवासी कंपन्यांच्या चित्रांतील सत्य. प्रत्यक्षात एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर दोन ऋतू असतात. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, म्हणजे गॉलच्या बाजूस, मे ते सप्टेंबर मोसमी पाऊस असतो आणि समुद्र खवळलेला राहतो. त्याच महिन्यांत पूर्वेकडील त्रिंकोमालीचे पाणी शांत असते. डिसेंबरात हाच प्रकार उलटा होतो. फुकेतचा पावसाळा आपल्यासारखाच मे ते ऑक्टोबर, तर थायलंडच्या आखातातील सामुई बेटावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. बालीचे कोरडे दिवस एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथे जून महिन्यात हिवाळा असतो. तेव्हा ‘थायलंड सुरक्षित आहे काय?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता किनारा, कोणत्या महिन्यात, हे जोडल्यावाचून त्याला उत्तर नाही.

रोगांच्या बाबतीतही असाच विवेक हवा. हिवतापाच्या भीतीने कोणी श्रीलंकेचा बेत सोडीत असेल, तर त्याने लक्षात घ्यावे की २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो देश हिवतापमुक्त ठरविला. मालदीवला हा मान २०१५ सालीच मिळाला. परंतु डेंग्यूची गोष्ट वेगळी. २०१७ साली श्रीलंकेत दीड लाखाहून अधिक डेंग्यूरुग्णांची नोंद झाली. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे केवळ रात्रीच्या मच्छरदाणीने काम भागत नाही. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एका प्रकाराचा ताप येऊन गेलेल्यास दुसऱ्या प्रकाराची बाधा झाली तर आजार अधिक गंभीर होण्याचा संभव असतो. दिल्लीच्या परिसरात ज्यांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना सांगूनच बेत पक्का करावा.

पीतज्वराविषयीचा नियम मात्र अगदी निश्चित आहे. केनिया, ब्राझील यांसारख्या देशांत जाणाऱ्यांनी त्याची लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासापूर्वी निदान १० दिवस, घेतलेली असावी. २०१६ पासून तिचे प्रमाणपत्र जन्मभर ग्राह्य धरले जाते. नऊ महिन्यांखालील बालकास ही लस सामान्यतः देत नाहीत. अशा देशांतून प्रमाणपत्रावाचून परतणाऱ्यास आपल्याच विमानतळावर ६ दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. हा नियम कित्येकांना जाचक वाटतो. त्याचे कारण असे की, पीतज्वराचा प्रसार करणारा डास आपल्या देशात विपुल आहे, पण त्याचा विषाणू नाही. तो एकदा आला तर काय होईल, ही ती धास्ती आहे. प्रवाशाची सुरक्षितता आणि घरी राहणाऱ्यांची सुरक्षितता येथे एकच होऊन जाते.

आता ज्या गोष्टींनी चर्चेस आरंभ होतो त्यांकडे वळू. १२ ऑक्टोबर २००२ रोजी बालीत झालेल्या स्फोटांत २०२ माणसे ठार झाली. २१ एप्रिल २०१९ रोजी श्रीलंकेतील चर्चे व हॉटेले यांवरील हल्ल्यांत अडीचशेहून अधिक माणसे मरण पावली. पण नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतील हॉटेलांत आणि रेल्वे स्थानकावर काय घडले हेही आपण पाहिले आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांचे प्राण गेले, आणि त्यांत महाराष्ट्रातून सुट्टीसाठी गेलेले गृहस्थ होते. असल्या संकटाला स्वदेश आणि परदेश हा भेद नाही. त्याविषयी करावयाचे ते एवढेच की, परराष्ट्र मंत्रालयाची सूचना जाण्यापूर्वी वाचावी. ‘सावध राहावे’ आणि ‘अत्यावश्यक नसल्यास जाऊ नये’ या दोन वाक्यांतील अंतर ओळखावे. दुसरे वाक्य दिसले तर बेत निःसंकोच रद्द करावा. पहिले दिसले तर आपल्या वकिलातीचा पत्ता व दूरध्वनी टिपून ठेवावा आणि मग त्या विचाराने सुट्टी कडू करून घेऊ नये.

नैसर्गिक आपत्तींच्या बाबतीत मात्र माणूस अगदीच असहाय नसतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने सव्वादोन लाखांहून अधिक बळी घेतले. त्या दिवशी फुकेतच्या माई खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांसह सुट्टीसाठी आली होती. समुद्र विचित्र रीतीने फेसाळताना तिने पाहिला. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकलेला धडा तिला आठवला. तिने हट्ट धरला, वडिलांनी तो ऐकला, आणि सुमारे शंभर माणसे वेळेवर किनाऱ्यावरून हलली. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावरची गोष्ट याहून मोठी आहे. १९०७ सालच्या लाटेनंतर तेथील वृद्धांनी एक शब्द जपला, ‘स्मोंग’. जमीन हादरली आणि समुद्र मागे सरला की ‘स्मोंग’ म्हणून ओरडावयाचे आणि टेकडीकडे पळावयाचे, हे आजीने नातवाला सांगावयाचे. २००४ साली भूकंपाच्या केंद्राजवळच असलेल्या त्या बेटावर, सुमारे ७८,००० वस्तीपैकी, अवघी ७ माणसे दगावली. हैदराबादेस २००७ पासून त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र चालू आहे, आणि आज हिंदी महासागरात इशाऱ्याची सोय आहे. तरीही आजीचा तो एक शब्द कोणत्याही यंत्रापेक्षा कमी मोलाचा नाही.

या सर्व विवेचनाचा उपयोग कसा करावा हे मॉरिशसच्या उदाहरणाने पाहू. १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून या बेटावर जे हिंदी लोक गेले, त्यांत मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज तेथे आहेत, आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. ज्या धक्क्यावर ते मजूर उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. समजा, फरीदाबादच्या एका कुटुंबास जूनमध्ये तेथे जावयाचे आहे. चक्रीवादळांचा काळ तेथे नोव्हेंबर ते एप्रिल असतो. १९६० सालच्या कॅरोल वादळाने बेटावरील हजारो घरे जमीनदोस्त केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईचे रस्ते पाण्याखाली गेले. म्हणजे जूनमध्ये हा मोठा धोका जवळजवळ गळून पडतो. पुष्कळसा किनारा प्रवाळाच्या भिंतीने वेढलेला असल्याने आतील पाणी शांत असते. परंतु दक्षिणेकडे ग्री-ग्री येथे ती भिंत नाही, तेथे समुद्र पाहावा, त्यात उतरू नये. उरतात ते रस्ता, ऊन आणि आजीचे औषध. विमानप्रवास सात-आठ तासांचा. आजीस हृदयविकार असेल तर राहण्याचे ठिकाण रुग्णालयापासून किती दूर आहे, हे खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो की नाही यापेक्षा अगोदर विचारले पाहिजे. मालदीवमध्ये तर हा प्रश्न अधिकच निकडीचा होतो. तेथील विहारस्थाने निरनिराळ्या बेटांवर विखुरलेली आहेत आणि पाण्यावर उतरणारी विमाने केवळ दिवसा चालतात. मध्यरात्री छातीत कळ आली तर तेथून बोटीनेच निघावे लागेल.

येथे या प्रश्नाचे खरे मर्म आहे. एकटा प्रवासी स्वतःच्या जिवाचे वजन स्वतः करतो, आणि चुकला तर फळ त्याचे तोच भोगतो. कुटुंबप्रमुख दुसऱ्यांच्या जिवांचे वजन करीत असतो. चार वर्षांच्या मुलास प्रवाहाची कल्पना नसते, आणि वृद्ध आई मुलाचा विरस नको म्हणून आपला त्रास बोलून दाखवीत नाही. म्हणून बेतातील सुरक्षिततेचे माप घरातील सर्वांत धडधाकट माणसावरून घेऊ नये, सर्वांत दुबळ्या माणसावरून घ्यावे. ज्या सहलीत आजीला आणि नातवाला निभावता येईल तीच सहल सहकुटुंब म्हणावी. बाकीची, मुले मोठी झाल्यावर करता येईल.

याचा अर्थ घरी बसावे असा मात्र नाही. न जाणे हासुद्धा एक निर्णय आहे, आणि त्यालाही किंमत आहे. ज्या मुलाने जग पाहिले नाही ते जगाविषयी ऐकीव भय बाळगून वाढते. आप्रवासी घाटावर उतरलेल्या मजुरांना ना ऋतूची माहिती होती, ना रोगांची, ना परतीची खात्री. त्यांना वजन करण्याची संधीच मिळाली नाही. आपल्याला ती मिळाली आहे. नकाशा, पंचांगाइतकेच विश्वसनीय असे ऋतुमान, आरोग्याचे नियम आणि सरकारची सूचना, हे सारे हाताशी आहे. एका संध्याकाळी घरातील सर्वांनी, मुलांनीही, एकत्र बसून ते पाहावे. त्या बैठकीत मुलांना दोन गोष्टी पाठ करून घ्याव्यात: प्रवाहात सापडल्यास झुंजू नये, आणि समुद्र मागे हटला तर उंचावर पळावे. तिकिटे त्यानंतर काढावीत.